काळासमोरचे ऋण चिन्ह: काल्पनिक संख्या अवकाशकालात काय करतात?

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाले, कारण अणूंच्या जगापुरतेच मानले जाणारे क्वांटम वर्तन हातात धरता येईल अशा विद्युत मंडलातही दिसते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते. या विषयांवरच्या चित्रफिती आणि लेख मराठीतूनही येतात, आणि त्यांत कधी ना कधी ‘काल्पनिक काळ’ हा शब्दप्रयोग भेटतो. ऋण एकाचे वर्गमूळ, म्हणजे ज्याला ‘आय’ म्हणतात ती संख्या, काळाला चिकटलेली आहे आणि म्हणून काळ हा मुळात भास आहे, असे सांगणारेही काही जण असतात.

गोव्यातील विद्यार्थ्याची काल्पनिक संख्येशी ओळख अकरावीच्या गणितात, बहुतेक वेळा इंग्रजीतून, होते. तिची बेरीज-गुणाकार त्याला येऊ लागतात, पण तिचा आपल्या जगाशी काय संबंध, हा प्रश्न तसाच राहतो. आईन्स्टाईनच्या सापेक्षतावादात खरे महत्त्व ‘आय’ला नसून एका ऋण चिन्हाला आहे, आणि ते चिन्ह समजले की काल्पनिक काळाभोवतीचे बरेचसे धुके विरते, असे मला वाटते.

ऋण संख्येला वर्गमूळ हवेच कशाला?

धन संख्येचा वर्ग धन असतो आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच असतो. त्यामुळे ऋण संख्या कोणाचाच वर्ग असू शकत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त हेच नेमक्या शब्दांत सांगितले: ‘न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्’, म्हणजे ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती वर्ग नाही. नेहमीच्या संख्यांपुरते हे विधान आजही अचूक आहे.

अडचण आली ती सोळाव्या शतकातील इटलीत. घन समीकरणे सोडवण्याचे सूत्र कार्दानो यांनी १५४५ मध्ये प्रसिद्ध केले. ‘क्षचा घन बरोबर पंधरा क्ष अधिक चार’ या समीकरणाचे उत्तर चार आहे, हे कोणीही पडताळून पाहू शकतो, कारण चाराचा घन चौसष्ट आणि साठ अधिक चार हेही चौसष्टच. पण सूत्र वापरले की मध्येच ऋण १२१ चे वर्गमूळ समोर येते. बोम्बेल्ली यांनी १५७२ मध्ये धाडस केले: ऋण एकाला वर्गमूळ आहे असे धरून ते आकडेमोड करत पुढे गेले, आणि शेवटी एका बाजूला ‘दोन अधिक √−१’ व दुसऱ्या बाजूला ‘दोन वजा √−१’ उरून, बेरीज करताच विचित्र भाग गळून पडला व चार हे उत्तर मिळाले. खऱ्या प्रश्नापासून खऱ्या उत्तरापर्यंतची वाट मध्ये या अनोळखी प्रदेशातून जात होती. ‘काल्पनिक’ हे विशेषण देकार्त यांनी १६३७ मध्ये वापरले आणि ते तसेच चिकटून राहिले.

‘आय’ म्हणजे काटकोनातले वळण

शाळेच्या मैदानावर १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाची कवायत ज्यांनी केली आहे त्यांना ‘बाएँ मुड’ आणि ‘पीछे मुड’ या आज्ञा आठवत असतील. संख्यारेषेवर शून्यापाशी उभे राहून आपण धन बाजूकडे तोंड केले आहे असे समजा. ऋण एकाने गुणणे म्हणजे ‘पीछे मुड’: तोंड ऋण बाजूला होते. पुन्हा ऋण एकाने गुणले की पूर्ववत. आता असा गुणाकार शोधायचा की जो दोनदा केल्यावर ‘पीछे मुड’ होईल. मैदानावर त्याचे उत्तर सोपे आहे, कारण दोन वेळा ‘बाएँ मुड’ केले की तोंड मागे होते. ‘आय’ने गुणणे म्हणजे हेच डावीकडचे काटकोनी वळण आहे. भास्कराचार्यांना ते रेषेवर सापडले नाही याचे कारण ते रेषेवर नाहीच, रेषेच्या बाजूला आहे.

ही भूमितीय मांडणी वेसेल यांनी १७९७ मध्ये आणि आर्गां यांनी १८०६ मध्ये केली, आणि गाउस यांच्या अधिकाराने ती सर्वमान्य झाली. नेहमीच्या, म्हणजे वास्तव संख्येत ‘आय’चा काही पट मिळवला की जी संख्या तयार होते तिला संमिश्र संख्या म्हणतात. वळणे आणि लाटा यांचा हिशेब तिच्यामुळे फार सोपा होतो. आपल्या घरी येणाऱ्या ५० हर्ट्झच्या विजेचे गणित अभियंते याच संख्यांनी करतात.

पणजी ते मडगाव: अंतर कोणाच्याही मर्जीवर नसते

आता अवकाशाकडे येऊ. सरळ रेषेत पाहिले तर पणजीपासून मडगाव सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेला आणि १४ किलोमीटर पूर्वेला आहे. पायथागोरसच्या नियमाने २५ चा वर्ग ६२५, १४ चा वर्ग १९६, बेरीज ८२१ आणि तिचे वर्गमूळ सुमारे २८.७ किलोमीटर. दुसऱ्या कोणी नकाशाच्या रेषा तिरप्या आखल्या, तर त्याचे दोन आकडे २५ आणि १४ राहणार नाहीत. कदाचित त्याची एक रेषा थेट मडगावकडे जाईल आणि त्याला २८.७ व शून्य असे आकडे मिळतील. पण वर्गांची बेरीज कोणत्याही नकाशात ८२१ च येते. दक्षिण आणि पूर्व हे आकडे पाहणाऱ्यावर अवलंबून असतात, अंतर मात्र नाही.

रेषा कशाही आखल्या तरी न बदलणाऱ्या राशी शोधणे हा आधुनिक भूमितीचा गाभा आहे, आणि त्या कामात गोव्याचाही वाटा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ मध्ये गोव्यात कोसबें येथे झाला. त्यांच्या नावाच्या विचारमहोत्सवामुळे आणि इतिहासलेखनामुळे ते आपल्याला परिचित आहेत, पण ते पेशाने गणितज्ञ होते. १९३३ पासून त्यांनी मार्गांच्या भूमितीवर जे काम केले, त्यात सहनिर्देशक बदलूनही अबाधित राहणाऱ्या राशींचाच शोध आहे. कार्तां आणि चर्न या दोन मोठ्या गणितज्ञांच्या जोडीने त्यांचे नाव त्या सिद्धांताला आजही लावले जाते. गोव्यात त्यांच्या या बाजूची ओळख अजून फार थोड्यांना आहे, याची खंत वाटते.

काळ जोडला की अधिकाचे वजा होते

१९०५ मध्ये आईन्स्टाईन यांनी दाखवले की वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या दोन निरीक्षकांचे केवळ अंतराविषयीच नव्हे, तर दोन घटनांमध्ये किती वेळ गेला याविषयीही एकमत होत नाही. मात्र प्रकाशाचा वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, सर्वांना सारखाच मोजला जातो. मग दोघांना मान्य होईल असे काय उरते?

वेळेला प्रकाशवेगाने गुणले की वेळही किलोमीटरमध्ये मोजता येते: तेवढ्या वेळात प्रकाश किती अंतर कापेल, तो आकडा. नकाशाच्या सवयीने आपण अवकाशातील अंतराचा वर्ग आणि या वेळेचा वर्ग यांची बेरीज करू पाहू, पण ती सर्वांना सारखी येत नाही. सारखी येते ती वजाबाकी. कारण पाहण्यासारखे आहे. प्रकाशाच्या बाबतीत कापलेले अंतर आणि किलोमीटरमधली वेळ हे दोन्ही आकडे एकच असतात, त्यामुळे वजाबाकी शून्य येते, आणि प्रकाशवेग सर्वांना सारखा असल्याने ती सर्वांनाच शून्य येते. बेरीज केली असती तर हे एकमत टिकले नसते. या वजाबाकीतून मिळणाऱ्या राशीला दोन घटनांमधील अंतराल म्हणू. अवकाशकाल म्हणजे अवकाशाची तीन परिमाणे आणि काळाचे एक, अशी या अंतरालाने बांधलेली चौमिती रचना.

येथेच ‘आय’चा प्रवेश होतो. वजाबाकीची बेरीज कशी करायची? वेळेला ‘आय’ने गुणा. तिचा वर्ग ऋण होतो आणि सूत्र पायथागोरसच्या नियमासारखे, निव्वळ बेरजेचे दिसू लागते. प्वांकारे यांनी १९०५-०६ मध्ये ही युक्ती वापरली आणि हेर्मान मिंकोव्स्की यांनी तिच्यावर अवकाशकालाची पूर्ण भूमिती उभी केली. सप्टेंबर १९०८ मध्ये कोलोन येथे त्यांनी त्यावर प्रसिद्ध व्याख्यान दिले आणि पुढच्याच जानेवारीत त्यांचे निधन झाले. नकाशाच्या रेषा फिरवणे आणि एका निरीक्षकाकडून दुसऱ्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाकडे जाणे ही दोन कामे एकाच सूत्रात बसतात, एवढाच फरक की दुसऱ्या कामात फिरवण्याचा कोन काल्पनिक असतो.

हे केवळ कागदावरचे नाही. अवकाशातून येणारे वेगवान कण वातावरणावर आदळतात तेव्हा उंचावर म्युऑन नावाचे कण तयार होतात. म्युऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या २.२ पट असते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, तरीही मिरामारच्या वाळूवर तळहात उघडून बसले तर त्यातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो. प्रकाशवेगाच्या ९९.८ टक्के वेगाने दहा किलोमीटर उतरणारा म्युऑन घ्या. आपल्या घड्याळाची वेळ किलोमीटरमध्ये १०.०२ भरते. तिचा वर्ग सुमारे १००.४, त्यातून दहाचा वर्ग १०० वजा केला की ०.४ उरतात, आणि त्यांचे वर्गमूळ सुमारे ०.६३ किलोमीटर, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या २.१ पट. म्युऑनच्या स्वतःच्या घड्याळावर एवढाच वेळ गेलेला असतो, त्यामुळे तो जिवंत पोहोचतो. बेरीज केली असती तर ही वेळ आपल्या वेळेपेक्षा वाढली असती आणि वाळूवर जवळपास काहीच पोहोचले नसते.

मालीम जेटीवरून निघणारे ट्रॉलर ज्या जीपीएसवर विसंबतात, तिथेही हेच ऋण चिन्ह हजर आहे. वेगामुळे उपग्रहावरचे घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते, गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, आणि निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांचा फरक व्यवस्थेतच दुरुस्त केलेला असतो. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरहून अधिक जातो.

हे चिन्ह अधिक असते तर?

मला या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच वाटतो. एखाद्या बिंदूपासून ठरावीक अंतरावरचे सगळे बिंदू घेतले की वर्तुळ होते, आणि वर्तुळावरून चालत चालत पूर्वेकडून दक्षिणेकडे, तिथून पश्चिमेकडे कुठेही न थांबता जाता येते. काळासमोरचे चिन्ह अधिक असते तर काळाची दिशाही अशीच वळवता आली असती: वेग वाढवत गेलो की आपला काळाचा अक्ष कलत जाऊन आडवा झाला असता, आणि आणखी कलल्यावर भूतकाळाकडे वळला असता. उद्यापासून कालकडे जाणे हे रस्त्याचे वळण घेण्याइतके सामान्य झाले असते आणि कारण आधी, परिणाम नंतर या क्रमाला काहीच अर्थ उरला नसता.

ऋण चिन्हामुळे वर्तुळाच्या जागी एकमेकांपासून तुटलेल्या दोन शाखांची वक्ररेषा येते, एक भविष्यात आणि दुसरी भूतकाळात. वेग कितीही वाढवला तरी आपण आपल्याच शाखेवर पुढे सरकत राहतो. प्रकाशाची रेषा जवळ येत जाते, पण गाठली जात नाही, आणि दुसऱ्या शाखेवर उडी मारण्याची वाट नाही. साध्या कोनातून ३६० अंश फिरले की आपण मूळ जागी येतो, काल्पनिक कोनातून फिरणारा कधीच परत येत नाही. त्याशिवाय लाटांचे समीकरणही याच चिन्हावर उभे आहे. ते अधिक केले की समीकरण हलत्या लाटांऐवजी स्थिर समतोलाचे वर्णन करू लागते आणि प्रकाशाला प्रवास करायला जागाच राहत नाही.

मग काळ काल्पनिक आहे की नाही?

सापेक्षतावादापुरते उत्तर स्पष्ट आहे: नाही. घड्याळ जे मोजते ती वास्तव संख्या असते. ‘आय’ने गुणण्याची युक्ती सोयीची होती, आणि ती न वापरता सूत्रात उघडपणे वजा लिहिले तरी एकही निष्कर्ष बदलत नाही. मिस्नर, थॉर्न आणि व्हीलर यांनी गुरुत्वाकर्षणावरील आपल्या १९७३ च्या ग्रंथात या युक्तीला रीतसर निरोपच दिला. त्यांचा आक्षेप रास्त होता, कारण ‘आय’च्या पडद्याआड ऋण चिन्ह लपते, काळ हे अवकाशाचेच आणखी एक परिमाण आहे असा समज होतो, आणि गुरुत्वाकर्षणाने वक्र झालेल्या अवकाशकालात ही युक्ती सर्वसाधारणपणे चालतही नाही.

म्हणूनच काळ ही माया असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले, या म्हणण्याला या गणितात आधार नाही. मायावादाचा विचार ज्याला करायचा आहे त्याने तो तत्त्वज्ञानाच्या बळावर जरूर करावा. त्याला वर्गमूळाची साक्ष काढण्याची गरज नाही, आणि वर्गमूळ ती साक्ष देतही नाही.

जिथे ‘आय’ खरोखर राबतो

क्वांटम सिद्धांतात परिस्थिती वेगळी आहे. श्रोडिंगर यांच्या १९२६ च्या समीकरणात ‘आय’ उघडपणे बसलेला आहे: कणाची अवस्था वेळेबरोबर संमिश्र संख्यांच्या प्रतलावर फिरत राहते आणि ऊर्जा जितकी जास्त तितकी ती वेगाने फिरते. या समीकरणात वेळेच्या जागी काल्पनिक वेळ ठेवली की फिरणे थांबते आणि तीच राशी घटत जाते. जान कार्लो विक यांच्या १९५४ च्या कामामुळे या बदलाला विक परिवलन म्हणतात.

गंमत अशी की घटत जाण्याचे हे सूत्र उष्णतेच्या शास्त्रात आधीपासून होते. ठरावीक तापमानाला एखाद्या वस्तूत अमुक ऊर्जा असण्याची शक्यता किती, हे सांगणारे सूत्र आणि हे सूत्र एकच आहे. गरम वस्तूचे क्वांटम गणित करताना काल्पनिक वेळ वर्तुळासारखी बंद होते, आणि वस्तू जितकी गरम तितके ते वर्तुळ लहान. गोव्यातील २७ अंश सेल्सिअसच्या हवेसाठी त्याची लांबी काढली, तर एका सेकंदाचे एक लाख अब्ज भाग केल्यावर त्यांतील अडीच भाग एवढी येते.

आता हीच गोष्ट कृष्णविवराला लावा. कृष्णविवराभोवतीच्या अवकाशकालात काळ काल्पनिक केला की ऋण चिन्ह नाहीसे होते आणि उरलेली भूमिती क्षितिजापाशी, म्हणजे जिथून आत गेलेला प्रकाशही परत येत नाही त्या सीमेपाशी, टोक न येता गुळगुळीत राहावी, अशी अट घातली की काल्पनिक वेळेला एकाच विशिष्ट लांबीचे वर्तुळ व्हावे लागते. त्या लांबीवरून तापमान मिळते, आणि ते हॉकिंग यांनी १९७४ मध्ये वेगळ्या मार्गाने काढलेल्या तापमानाशी तंतोतंत जुळते. हे काम १९७७ मध्ये गिबन्स आणि हॉकिंग यांनी केले. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे हे तापमान सुमारे ०.०००००००६ केल्विन आहे.

नोबेल मिळालेल्या बोगदा-परिणामातही, म्हणजे ऊर्जा पुरेशी नसताना कण अडथळ्याच्या पलीकडे जाण्यातही, हेच चिन्ह आहे. ऊर्जा कमी असताना कण अडथळ्याच्या आत असेल, तर त्याच्या वेगाचा वर्ग ऋण येतो, म्हणजे तिथे साध्या गतीला अर्थ नाही. वेळ काल्पनिक केली की तो वर्ग धन होतो, अडथळ्याची टेकडी गणितात दरीसारखी वागते, आणि कण पलीकडे जाण्याची शक्यता काढता येते. प्रोटॉनचे वस्तुमान मूळ सिद्धांतातून महासंगणकावर काढण्याचे जे गणित २००८ मध्ये काही टक्क्यांच्या अचूकतेने यशस्वी झाले, तेही काल्पनिक वेळेतच केलेले होते.

हे सर्व वास्तव संख्यांनी करता येणार नाही का?

हा आक्षेप योग्य आहे, कारण प्रत्येक संमिश्र संख्या म्हणजे शेवटी दोन वास्तव संख्यांची जोडी, आणि ‘आय’चे वळणही त्या जोडीवरची क्रिया म्हणून लिहिता येते. विजेच्या गणितात ‘आय’ निव्वळ सोय आहे, यात शंका नाही. क्वांटम सिद्धांतासाठी मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने अशी मोजणी सुचवली की, वेगवेगळ्या प्रणाली जोडण्याचा नेहमीचा नियम कायम ठेवला आणि कणांचे स्रोत स्वतंत्र मानले, तर वास्तव संख्यांचा सिद्धांत आणि संमिश्र संख्यांचा सिद्धांत वेगवेगळी भाकिते करतात. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चीनमधील प्रयोगांनी कौल संमिश्र संख्यांच्या बाजूने दिला. जोडण्याचा तो नियम सोडला तर वास्तव संख्यांतही मांडणी शक्य आहे, म्हणून ‘निसर्ग काल्पनिक संख्यांशिवाय चालतच नाही’ असे सरसकट म्हणणे घाईचे होईल.

विश्वाचा आरंभ आणि वळणाची बाजू

काल्पनिक काळ सर्वांत प्रसिद्ध झाला तो १९८३ मध्ये हार्टल आणि हॉकिंग यांनी मांडलेल्या प्रस्तावामुळे. विश्वाच्या अगदी सुरुवातीला काळ अवकाशासारखाच वागत असेल, म्हणजे ऋण चिन्ह तिथे नसेलच, तर आरंभाला कडा राहत नाही आणि ‘त्याआधी काय होते’ हा प्रश्नच उद्भवत नाही, असा त्यांचा विचार होता. हा प्रस्ताव आहे, निरीक्षणांनी सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि त्याच्यावरचा वाद आजही चालू आहे. विक परिवलन दोन बाजूंनी करता येते, कारण ‘आय’ आणि ऋण ‘आय’ या दोन्हींचा वर्ग ऋण एकच आहे. नेहमीच्या क्वांटम गणितात कोणती बाजू घ्यायची हे ठरलेले असते, पण संपूर्ण विश्वाला ते गणित लावताना गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेचे चिन्ह उलटे पडते आणि ही खात्री राहत नाही. हार्टल आणि हॉकिंग यांनी एक बाजू घेतली, लिंडे आणि विलेंकिन यांच्या पर्यायी मांडणीत दुसरी बाजू येते, आणि दोन्हींतून मिळणाऱ्या शक्यता परस्परविरुद्ध आहेत: पहिलीत आरंभीचे विश्व जवळपास रिकामे आणि मंद पसरणारे असण्याची शक्यता अधिक, तर दुसरीत वेगाने फुगणारे असण्याची. २०१७ मध्ये फेल्डब्रुगे, लेनर्स आणि टुरोक यांनी काळ वास्तवच ठेवून, म्हणजे ऋण चिन्हाला हात न लावता, हे गणित पुन्हा केले आणि असा गुळगुळीत आरंभ टिकू शकत नाही असा निष्कर्ष काढला. हार्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मान्य केला नाही.